पटावरची सतरावी

३ जून
आज या शाळेत मुख्य लिपिक म्हणून रुजू झालो. इमारत लहान, पण कार्यालय हवेशीर; खिडकीतून नववीची दुसरी तुकडी थेट दिसते. किल्ल्या स्वाधीन करताना मुख्याध्यापकांनी विचारले, आकडेमोड जमते ना. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून तीस वर्षांत माझी एकही बेरीज चुकलेली नाही, असे मी सांगितले. शिपाईमामा म्हणाले, मग आता भिंतीवरचं घड्याळ साहेबांना विचारून चालेल. सगळे हसले. मीही.

१२ जून
विद्यार्थिसंख्येचे विवरणपत्र पूर्ण केले. मुले, मुली, वय, मातृभाषा: सर्व रकाने सुवाच्य. याच संख्येवरून शिक्षकांची पदे मंजूर होतात. मात्र वर्गवार बेरीज एकशे एक्क्याऐंशी आणि वयवार एकशे ऐंशी. मुख्याध्यापक सहीसाठी पेन उघडून बसले होते. चूक शोधायला तास लागला असता, आणि माझी बढाई सर्वांसमोर उघडी पडली असती. समोरच्या तुकडीच्या पटावर सतराव्या मुलीची दोन दिवस गैरहजेरी होती. तिच्या ओळीवर रेघ मारली. बेरीज जुळली. तिचे नाव वाचण्याचीही तसदी मी घेतली नाही.

१४ जून
त्या तुकडीच्या वर्गशिक्षिका हजेरी घेताना सोळानंतर अडखळतात. दुपारी येऊन म्हणाल्या, दादा, माझ्या वर्गात कुणी कमी आहे का हो. एक जागा रिकामी दिसते, आणि पोरी म्हणतात तिथं कधी कुणी बसतच नव्हतं. कागदोपत्री सर्व ठीक आहे, असे मी उत्तर दिले. मान वर करून देऊ शकलो नाही.

१९ जून
खिडकीशी एक मुलगी उभी असते. दोन वेण्या, बाहीवर शाईचा डाग. विचारते, काका, माझं नाव तुम्ही कापलंत का. इतर कुणाला ती दिसत नाही. मामा तिच्या पायांतून झाडू फिरवतात. उद्या लिहितो, असे मी रोज सांगतो. ती समजूतदारपणे मान डोलावते.

२६ जून
शिक्षकपदांची मंजुरी आली. साठ विद्यार्थ्यांपर्यंत एकच तुकडी. नववीत एकसष्ट होते; मी साठ केले. हा नियम मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी आठवला नाही. दुसरी तुकडी बंद; तिच्या वर्गशिक्षिका अतिरिक्त ठरल्या.

२८ जून
मामांना विचारले, बाई निरोप घेऊन गेल्या का. म्हणाले, कोण बाई? नववीला पहिल्यापासून एकच शिक्षक. त्यांची खुर्ची, कप— काही नाही.
खिडकीशी आता दोघी. बाई काही विचारत नाहीत. नुसत्या बघतात. त्याचीच अधिक लाज वाटते.

१ जुलै
मुख्याध्यापकांना सर्व सांगितले. रेघ माझी, चूक माझी. ते हसले. म्हणाले, तीस वर्षांत चुकला नाहीत, आता कशाला चुकाल.

२ जुलै
स्वतःच लिहितो म्हणून पट उघडला. रेघ आहे. रेघेखाली नाव नाही— कोरे.
तिलाच विचारले. तीही विसरली. म्हणते, काका, कापण्याआधी तुम्ही वाचलं असेल ना—
मी वाचले नव्ह—
दोघी आत आल्या आहेत. बाईंनी पट ओढून घेतला. हजेरी चालू. पंधरा. सोळा. थांबल्या. पट माझ्यापुढे सरकवला.
मुलगी वाट पाहते आहे— अजून विश्वासाने—
लिहितो. सतरा. कुमारी