बेवारस आकडा

प्रिय शेजारणी,

बाळ-बाळंतीण मजेत असणारच, तू तिथे आहेस म्हटल्यावर. आजी झाल्यापासून तुझे पाय जमिनीवर नाहीत असं दिसतंय, कारण दोनदा फोन केला तर बाळ झोपलंय, नंतर बोलू, म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. एरवी तू माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, तेव्हा बाळाला लेकीच्या मांडीवर दे, खुर्चीत टेकून बस आणि शेवटपर्यंत वाच.

तू रजेवर गेलीस आणि इकडे आपल्या परीक्षा विभागात असा काही गोंधळ उडाला की विचारू नकोस. त्याला कारण ते आरोग्य केंद्रवाल्यांचं ‘निरोगी कर्मचारी’ प्रकरण. जेवणानंतर ग्रंथालयाला फेरी मारायची, लिफ्ट सोडून जिने चढायचे, चहात साखर अर्धी, हे सगळं तुझ्यासमोरच सुरू झालं होतं. आपण किती हसलो होतो! पण खरं सांगू, मला ती फेरी आता आवडायला लागली आहे. इतकी वर्षं या आवारात काढली, पण आपल्या खिडकीमागे एवढी मोठी बाग आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आपली टंकलेखिकासुद्धा येते. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, पण येते.

तर गोंधळ असा. तू निघालीस त्या सकाळी रक्तदाब तपासायला परिचारिका आली होती, आठवतं ना? गेल्या वर्षी वजनं केली तेव्हा कुणीतरी आकडे मोठ्याने वाचले आणि बिचारी स्टोअरवाली महिनाभर आपल्यात डबा खायला बसली नाही. म्हणून यंदा तूच अक्कल लढवलीस. मुलांच्या उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून आपण सांकेतिक क्रमांक देतो, तसाच आपल्या चिठ्ठ्यांवरही द्यायचा. अर्ध्या भागावर क्रमांक आणि रक्तदाब, तो परिचारिकेकडे. उरलेल्या अर्ध्यावर क्रमांक आणि नाव, तो ज्याचा त्याने जपून ठेवायचा. सगळ्यांनी तुझी वाहवा केली. मीही केली, कारण स्टोअरवाली त्या दिवशी हसत हसत रांगेत उभी राहिली होती.

आणि मग आपण काय केलं? फाडलेला तुकडा रद्दीच्या पेटीत टाकायचा, ही सवय आपल्या हाडीमासी भिनलेली. एकाने टाकला, त्याच्यामागे दुसऱ्याने, तू टाकलास, मीही टाकला. संध्याकाळी ती पेटी नेहमीप्रमाणे कागदांचा भुगा करणाऱ्या यंत्रात रिकामी झाली. जन्मभर दुसऱ्यांचे क्रमांक सांभाळले आणि स्वतःचा एकाच्याही लक्षात नाही. धन्य आहोत आपण!

हसून सोडून दिलं असतं गं. पण परवा परिचारिका धावतपळत आली. डॉक्टरांनी चिठ्ठ्या पाहिल्या आणि त्यातली एक बाजूला काढली. त्या चिठ्ठीवरचा वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता. हा माणूस कोण आहे, त्याला ताबडतोब माझ्याकडे आणा, असा डॉक्टरांचा निरोप. परिचारिकेने रांगेच्या घाईत नुसते आकडे उतरवले होते, कुणाचा कुठला ते तिलाही आठवेना. माणूस आपल्यातलाच, जेवतोय, बोलतोय, फायली हलवतोय, आणि त्याचं त्यालाच माहीत नाही.

साहेबांनी तर ठरवूनच टाकलं की आकडा त्यांचा. पोट सुटलेलं, खारे दाणे सदा खिशात, चिडके तर इतके की विचारू नये. पण त्या दुपारी काय गरीब झाले म्हणून सांगू! दाण्यांची पुडी शिपाईकाकांच्या हवाली केली, टंकलेखिकेची माफी मागितली, कशाबद्दल ते तिलाही कळलं नाही. आम्ही कुणी त्यांना उठू देईना. त्यांचं पाणी, त्यांची फाइल, सगळं टेबलावर. मला त्यांची खरंच दया आली. घाबरलेला माणूस किती लहान दिसतो.

काल सकाळी सगळ्यांना पुन्हा तपासलं. या वेळी लपवाछपवी नाही, नाव घेऊन. साहेबांचा रक्तदाब निघाला तरण्या पोरासारखा! त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी जरा अपमानच वाटला. शिपाईकाका ठीक. टंकलेखिकेचा थोडा जास्त, पण तेवढा नाही, तिला गोळी सुरू केली आहे. स्टोअरवाली ठीक. माझ्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. माझाही ठीक निघाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, साहेबांनी तर चहा सांगितला. आणि मला एकदम तुझी रिकामी खुर्ची दिसली. हातातला कप तसाच खाली ठेवला.

आता कागद खाली ठेवू नकोस. तुझी दुखणारी मान आणि तू तिला चोळत असलेलं मलम मी रोज शेजारी बसून पाहिलं आहे. डोकं धरून बसायचीस आणि नव्या चष्म्याला शिव्या द्यायचीस. जिन्याच्या वळणावर थांबून खिडकीबाहेर बघायचीस, मला वाटायचं हिला झाडं आवडतात. विचारलं की तुझं ठरलेलं, मला काय धाड भरली आहे! माझी आई चुलीपुढे कोसळली त्याच्या आदल्या दिवशी तीही हेच म्हणत होती. तेव्हा रुग्णवाहिकेत तूच माझ्या शेजारी बसली होतीस. घरी आल्यावर मला भात भरवणारीही तूच. पुन्हा तसा दिवस आला तर मला कोण भरवणार आहे? मला भीती वाटते आहे गं, चांगलीच वाटते आहे.

परिचारिका म्हणाली, एकदा मोजून नक्की काही सांगता येत नाही, पण पुन्हा मोजायला उशीर करू नका, आणि औषधं घेऊन पुष्कळ जण छान जगतात. तो आकडा चुकीचा निघाला तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. तुझ्या लेकीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ओल्या बाळंतिणीला कशाला घोर? पण तू हट्टाला पेटलीस तर सांगेन, मग मला चहाडखोर म्हण. फोनवर तू उडवून लावलं असतंस, दारात उभी राहिले असते तर आधी मला जेवायला बसवलं असतंस, म्हणून हे पत्र आमच्या ह्यांच्या, म्हणजे तुझ्या भावोजींच्या हाती वर पाठवते आहे. त्यांना पाणीसुद्धा विचारू नकोस. तुमच्या इथल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. मी खाली गाडीत बसले आहे आणि तुझ्या दाराकडे बघते आहे. चप्पल घाल आणि हळूहळू उतर.

तुझीच,
तुझ्याशिवाय एकटीने डबा न खाणारी