तत्त्वज्ञानाला दहा डोकी

प्रिय मार्लीसताई,

आर्डिसचा नमस्कार. तुझी तब्येत, गाई आणि भावजी (काळजी याच क्रमानं करते, भावजींना सांगू नकोस) सुखरूप असतील असं धरून चालते.

तर ताई, मी जिंकले. हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं लिहवतच नाही. चौसष्टाव्या वर्षी गावातल्या छोट्या कॉलेजात इतिहास, साहित्य, चित्रकला शिकायला निघाले, तेव्हा तू म्हातारचळ म्हणालीस. आता पदवीला फक्त तत्त्वज्ञान उरलंय, आणि नेमका तोच वर्ग बंद पडत होता. दहा विद्यार्थी नसले तर वर्ग रद्द, असा नियम. नाव घातलेली मी एकटी. (शिकवणाऱ्या ब्रेना मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या. वर्ग गेला की नोकरीही गेली, म्हणून रडकुंडीला आलेल्या.)

मग मी चर्चच्या तळघरात गेले. मयताचं जेवण रांधणारी आपली मंडळी तिथं बटाटे सोलत होती. एकेकीला विचारलं, तत्त्वज्ञान शिकणार का? आम्हा मिनेसोटाकरांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे तुला काय सांगायचं. साऱ्या म्हणाल्या, "बघू की." याचा अर्थ "मेले तरी येणार नाही" हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी कानावर पडलं तेवढंच धरलं आणि धडाधड नावं घातली. आता "मी हो म्हटलं नव्हतं" असं म्हणायचं, तर ते नाही म्हणण्याहून वाईट.

सोमवारी सगळी हजर, हातात झाकलेली गरम भांडी घेऊन. कॉलेजचा वर्गही तळघरातच भरतो, आणि मी तळघरात बोलावलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असा त्यांचा समज. ऑर्विल हेगननं (आमच्यातला एकटा पुरुष, बायको वारल्यापासून कॉफी करायला येतो) टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"अजून कोणी नाही. बस," मी म्हटलं.

ब्रेना मॅडमनी नेमका पहिलाच प्रश्न टाकला, मरणाला भ्यावं का? आमच्या मंडळींनी जन्मभर मयतांची जेवणं घातलेली. अशी जुंपली की भांडी निवून गेली. हवामानापलीकडे कधी न बोलणारा ऑर्विल म्हणाला, "मरणाला नाही भीत. सकाळी हात अजून दोन कप काढतो, त्याची भीती वाटते." मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात डोकी मोजून वर्ग बंद करायला कॉलेजचे डीन टॉलेफसन आले. मी ताट पुढं केलं. रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतलं. आता जिच्या हातचं खाल्लं तिला वाईट बातमी आपल्याकडे कोण देतं? भल्या माणसानं बोलायला तोंड उघडलं की आमच्यापैकी कुणीतरी वाढायचं. शेवटी "बरं, चालू द्या" म्हणून गेले. वर्ग वाचला, मॅडम वाचल्या, आणि मे महिन्यात तुझी बहीण झगा घालून पदवी घेणार.

तुझीच,
आर्डिस

ता. क. डोकी मोजली तर नऊच भरली. दहावं नाव तुझं घातलंय. आपल्या वयाला फी माफ आहे.

आणखी ता. क. चिडू नकोस. नाताळात भांडी पुसताना मी विचारलं होतं, बाबांनी गोठ्याला जुंपलं नसतं तर तू शिकली असतीस ना? तू एकच बशी पुसत राहिलीस. संध्याकाळचं दूध काढायचं भावजींनी कबूल केलंय. सोमवारी न्यायला येते.