घरचं धरत नाहीत

बुधवार, ५ मार्च

राखेच्या बुधवारची राख कपाळावर लावून चर्चमधल्या मिस्साहून आले आणि दारातच वास आला. पुन्हा चादर. जाताना तर डायपर बदलून गेले होते! जॉनी भिंतीकडे तोंड करून पडलेला. "सांगायचं नाही का रे?" लकवा होऊन दोन वर्षं झाली, माझा सख्खा धाकटा भाऊ माझ्याशी तीनच शब्द बोलतो — पाणी, वळव, बंद कर. जीभ चालते त्याची. कारखान्यातला जोडीदार सहदेव, त्याच्याशी फोनवर तासभर बोलतो. मीच कोण लागून गेले?

नवे फादर प्रवचनात म्हणाले, प्रेमाने केलेली सेवा हलकी होते. फादर, एकदा घरी या आणि ऐंशी किलोचा माणूस कुशीवर वळवून दाखवा. मग बोलू.

शुक्रवार, ७ मार्च

कंबर गेलीय.

रविवार, ९ मार्च

चर्चच्या व्हिजिटिंग ग्रुपची मीटिंग. प्रत्येकीने वाचून दाखवायचं — कुठल्या आजाऱ्याकडे गेलो, किती वेळ बसलो. माझं: गल्लीतल्या किम्बर्लीची आजी, एक तास, वेणी घातली, रोझरी म्हटली. सगळ्या म्हणाल्या, ॲग्नेसचा हात किती हलका. खरंय. तिथे मला काही जडच जात नाही. तिथे मी हसते, म्हातारीला हसवते. आणि घरी आले की... लिहवत नाही.

म्हटलं, जॉनीचं नावही यादीत घाला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अगं, घरचं धरत नाहीत." आयव्ही खिदळली — "मग तू बाहेरून बेल वाजवून जा ना!" सगळ्या हसल्या. मीपण.

मंगळवार, ११ मार्च

आज मी त्याला मारलं.

भात भरवत होते. त्याने तोंड फिरवलं, भात माझ्या गाऊनवर. मी फटका दिला, त्याच्या उजव्या हातावर. लकव्याच्या. त्याला कळणार नाही म्हणून तोच हात निवडला. हात उचलायच्या आधी मला हे ठाऊक होतं — देवा, हेच सगळ्यात वाईट.

दुपारी वसईकडच्या एका होमला फोन केला, अंथरुणावरच्या आजाऱ्यांना ठेवून घेतात तिथे. सिस्टर म्हणाल्या, जागा झाली की कळवू. मम्मी जाताना तिला शब्द दिला होता, जॉनीला कुठे टाकणार नाही म्हणून. मम्मी, तू सुटलीस.

गुरुवार, १३ मार्च

वेडेपणा केला. व्हिजिटला घालते तो निळा ड्रेस घातला, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. समोरची शकु म्हणाली, "किल्ली विसरलीस काय गं?" लॅच उघडून आत गेले, म्हटलं, "चर्चमधून आलेय. बरं आहे ना?"

जॉनी बघत राहिला. वाटलं, आता शिवी येणार. म्हणाला, "बसा."

विचारलं, अंग पुसू का? पाणी किती गरम चालेल? दोन वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं. तोच टब, तोच टॉवेल, तेच ऐंशी किलो. आणि वळला की! डाव्या हाताने खाटेची कड धरून स्वतःला ओढलं त्याने. आजवर तो मदत करत नव्हता, की मीच थांबत नव्हते?

उजवा हात पुसत होते तेव्हा म्हणाला, "इथे कळत नाही. दिसतं पण." मी टॉवेल पिळायला घेतला. "परवा बहिणीने मारलं. ह्याच हातावर. मला लागू नये म्हणून."

मी बाहेरची बाई होते ना. रडताही येईना.

रविवार, १६ मार्च

रोज बेल वाजवते. चर्चमधली बाई आली की सगळं पटापट होतं, कंबरही तेवढी बोलत नाही. पण ड्रेस उतरवला की मी पुन्हा ॲगी आणि तो भिंतीकडे. पाणी. वळव. म्हणजे त्याला माझाच कंटाळा आलाय. मग मी कशाला जीव काढतेय?

आज बाईला हळूच म्हणाला, "बहीण थकलीय माझी. मला ठेवायला कुठे जागा असेल तर बघा. तिला सांगू नका. तिने मम्मीला शब्द दिलाय."

सोमवार, १७ मार्च

सिस्टरचा फोन. जागा झाली. उद्या सहाच्या आत हो म्हणायचं, नाहीतर दुसऱ्याला देणार. त्याला जायचंय, मला सुटायचंय. मग लगेच हो का नाही म्हटलं?

मंगळवार, १८ मार्च

सहा वाजून गेले. सिस्टरना फोन केला नाही.

पाच वाजता निळा ड्रेस घातला होता. म्हटलं, जागा झाल्याचं बाईच सांगेल त्याला, मला नाही जमणार. बेल वाजवली. आतून आवाज आला —

"आज बाई नको. ॲगीला पाठवा."