गोगलगाईचं तोंड

३ जानेवारी
संकल्प: शालनबाईंचा मत्सर करायचा नाही. करतही नव्हते. एकतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये बायॉलॉजी शिकवलेल्या बाईने चाकणला गिअर तपासून रिटायर झालेल्या शेजारणीचा मत्सर का करावा?

५ जानेवारी
निसर्ग ग्रुपवर समुद्री गोगलगाईंचे चार फोटो आले. बिनशंखाच्या, रंगीत. शालनबाईंनी चारही कुळं बरोबर ओळखली. ग्रुप चालवणाऱ्या डॉ. मैत्रीने त्यांना तीन फुलं पाठवली. मला अंगठा. रत्नागिरीला ओहोटीत या गोगलगाई बघायला ती एकाला नेणार आहे. एकच जागा, एक फोटो ओळखायला देऊन निवड. मी आजवर फक्त बाटलीतल्या पाहिल्यात. जागा माझीच.

८ जानेवारी
कसं ओळखता, विचारलं. म्हणाल्या, काय न्हाई ओ ताई, कंपनीत करायचो तसंच. आधी जॉबची, म्हंजे तपासायच्या तुकड्याची, पुढची बाजू ठरवायची, मग मोजायचं.
जिवंत प्राण्याला जॉब. आमच्या सिस्टर बेनेडिक्टांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

१२ जानेवारी, सकाळी ११
निवडीचा फोटो आला. एका टोकाला फुलासारखा झुपका, दुसऱ्या टोकाला दोन शिंगं. पोरखेळ आहे. झुपका तोंडाभोवतीचा, शिंगं शेपटीची. उभी आकृती काढली, तोंड वर. लेबलं उजवीकडे, एकही रेघ दुसरीला छेदत नाही. कुळासह पाठवली.
शालनबाईंची एक ओळ: अंग गुळगुळीत, झुपका आत ओढायला खिसा, क्रोमोडोरिडिडी. स्पेलिंगही बरोबर. नातीने लिहून दिलं असणार.

१३ जानेवारी
डॉ. मैत्रीने अतिशय नम्रपणे कळवलं की शिंगं डोक्यावर असतात. झुपका म्हणजे कल्ले. ते मागे असतात, गुदद्वाराभोवती. तिथे मी सुवाच्य अक्षरात 'मुख' लिहिलं होतं.
फोटोच अस्पष्ट होता. ग्रुपमध्ये एकशे बारा माणसं. सोसायटीचे सेक्रेटरी भिमाजी अजून हसणारे चेहरे पाठवतायत.
जागा शालनबाईंना. संध्याकाळी तिळाची वडी घेऊन आल्या. म्हणाल्या, पहिल्या दिवशी मी बी जॉब उलटाच धरला व्हता, ताई. सुपरवायझरनं सगळ्या लाइनला दाखवला. जाताना आकृती मागितली. रद्दीत टाकणारच होते, दिली.

२ फेब्रुवारी
त्या रत्नागिरीला गेल्या. मला खारी हवा सोसत नाही, बरंच झालं. कुंड्यांना पाणी घालायला चावी माझ्याकडे आहे. जबाबदारीचं काम कोणालाही देत नाहीत.
हॉलमध्ये माझी आकृती, फ्रेममध्ये. रेघा खरंच सुरेख आहेत. पण उलटी टांगलेली, शिंगं वर, अक्षरं डोक्यावर. या बायकांना लेबल वाचता येत नाही की काय. सरळ केली.
घरी येऊन चहा घेतला. मग चावी घेऊन परत गेले आणि होती तशी करून आले.