सावलीतला खड्डा

नवेगाव बांध, कार्तिक शुद्ध दशमी, सायंकाळ

आज मी हरलो की जिंकलो? राज्य मार्गाच्या दुरुस्तीची तपासणी होती आणि समितीत सरकारी नोकर नसलेला मी एकटाच. डांबराचा थर मोजण्यासाठी रस्ता कुठे खोदायचा, हे कंत्राटदाराने खडूचे वर्तुळ काढून आधीच ठरवून ठेवले होते. मी म्हणालो, ज्याच्या कामाची तपासणी व्हायची त्यानेच जागा निवडली, तर त्या तपासणीला अर्थ काय? अशा कागदावर मी सही करणार नाही. उपअभियंता कुरकुरले, परंतु शेवटी त्यांनी जागा निवडायचे काम माझ्यावर सोपवले.

मग जागा मी निवडली. कडेने सर्वत्र धान वाळत घातले होते, मध्ये एकच तुकडा रिकामा. तेथे डांबराचा थर पातळ राहून गिट्टी सुटत असणार, म्हणूनच लोक धान टाकत नाहीत, असे माझे अनुमान. खोदले, तर थर पुरेपूर!

धान उलथणारी सरजाबाई खदखदून हसली. "अजी वकीलसाहेब, तेथं मोहाची सावली पडून राहिली नं! सावलीत धान कायले वाळवू?"

एवढे मोठे झाड, आणि मला दिसू नये?

सही मात्र मी आनंदाने केली. अनुमान चुकले, पण खडूचे ते वर्तुळ कंत्राटदाराने स्वतःच चपलेने पुसले. निघताना उपअभियंता म्हणाले, "साहेब, पुढच्या टप्प्यालाही जागा तुम्हीच सांगा. फक्त आधी वर बघून घ्या."