स्वागताची पूर्ण चेष्टा

४ जाने., रवि.
दिल्लीच्या मराठी मंडळाची बैठक. संक्रांतीच्या मेळाव्याला यंदा दाराशी मी नाही. अकरा वर्षं उभा होतो, अत्तराच्या डागांनी तीन झब्बे गेले. अध्यक्ष म्हणाले, "फर्स्ट इम्प्रेशनचा जमाना आहे, यार. केतकी प्रोफेशनल आहे." म्हणजे मी हौशी. ही केतकी गुरुग्रामच्या एका हॉटेलात रिसेप्शनवरच्या लोकांना हसायला शिकवते. वडील नागपूरचे, ती जन्माने दिल्लीची. मी "बिल्कुल" म्हणालो. एवढ्या सफाईने खोटं मी बातमीतही लिहीत नाही.
सौ. म्हणाली, "बरं झालं. तुम्ही दारातच लोकांचं व्याकरण तपासायचात."
एकदाच. तेही त्या गृहस्थांनी 'शुभेच्छ्या' दिल्या म्हणून.

७ जाने., बुध.
प्रमुख पाहुणे ठरले. आपटे सर. माझे संस्कृतचे सर! सध्या मुलाकडे आलेत, गुरुग्रामलाच. कॉलेजात एकदा मला "बरा आहेस" म्हणाले होते. त्यावर तीस वर्षं काढली.
आणि त्यांना दारात घेणार ही के., म्हणजे केतकी.
माझ्याकडे काय, तर आभार. आणि लोक बूट काढतील तिथे लक्ष.

१० जाने., शनि.
के.ने पहाडगंजच्या शाळेच्या हॉलमध्ये स्वयंसेवकांची तालीम घेतली. "काका, आधी पाय बघायचे. चाल थकलेली असली तर पहिले खुर्ची, मग नमस्कार. आणि नाव दोनदा घ्यायचं. एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून, एकदा आपल्या लक्षात राहावं म्हणून."
माझा क्रम: नमस्कार, श्लोक, अत्तर. खुर्ची ज्याची त्याने शोधावी.
तिचं बरोबर आहे. हे इथे लिहितो, बाहेर नाही. सगळ्या बायका तिच्याभोवती. आमची सौ. सर्वांत पुढे.

१२ जाने., सोम.
के.चा मेसेज. "काका, दारातल्या बोर्डचं मराठी चेक करा ना. आजच प्रिंटला जायचंय."
मजकूर: सुस्वागतम्. आपल्या स्वागताची आम्ही पूर्ण चेष्टा केली आहे.
हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत थट्टा. दिल्लीत वाढलेल्या पोरीला हे कोण सांगणार? मीच. 'प्रयत्न' असं टाइप केलं. पुसलं.
"छान." पाठवलं.
तिचं लगेच: "थँक्यू काका, टेन्शन गेलं." वर जोडलेले दोन हात.

१५ जाने., गुरु.
अजून सांगता येईल. नवा बोर्ड दोन तासांत होतो. फोन हातात घेतला आणि

१८ जाने., रवि.
धुकं. सर तासभर उशिरा. गाडीतून उतरले तर एका बुटाची नाडी सुटलेली. मी श्लोक जुळवत होतो. के. खाली बसली, नाडी बांधली, हात धरून खुर्चीपर्यंत नेलं, मग म्हणाली, "या, आपटे सर. बसा. आपटे सर, चहा की नुसतं गरम पाणी?" सर हसले. माझ्याकडे पाहून ते असे कधी हसलेले नाहीत.
तोवर बोर्डपाशी खसखस पिकलेली. लोक फोटो काढतायत. "काय झालं?" के.ने विचारलं. सचिवांनी अर्थ सांगितला. हसायला शिकवणाऱ्या बाईचा चेहरा हसण्यावाचून कसा दिसतो, ते आज पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. वाट तर त्याचीच पाहत होतो.
सरांनी चष्मा लावून बोर्ड वाचला. "संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, धडपड. ती या मुलीने आत्ता माझ्या पायाशी बसून केली. बोर्ड बरोबर आहे." टाळ्या. मग सहज, "पण मराठी तपासायला कुणी नव्हतं का इथे?"
के. म्हणाली, "काकांनी तपासलं, सर. छान म्हणाले."
आवाजात टोचणी नव्हती. किंवा असेल, तिचं कामच आवाजाचं आहे.
सरांनी माझ्याकडे पाहिलं. आधी पायांकडे, मग वर. तिळगुळाची वडी हातावर ठेवली.
"घे. आणि बोल."
'गोड' गाळलं. सर शब्द विसरत नाहीत.
आभार मानले. माइकवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे. के.चं नाव एकदाच घेतलं, तेही घाईत.

१९ जाने., सोम.
सौ.: "तुम्हाला दिसलं नव्हतं होय ते?"
मी: "घाईत होतो."
पेपरात 'मुख्यमंत्री' ऱ्हस्व पडला तरी मी जेवायचा थांबतो, हे तिला माहीत आहे.

२ फेब्रु., सोम.
के.ला सांगायचं ठरवलं. कस्तुरबा गांधी मार्गावर एका कार्यक्रमात भेटली. "काका, खूप थंडी ना," म्हणाली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. पाय बघून. मी बसलो. बोललो नाही.

८ मार्च, रवि.
के.चा मेसेज. गुढीपाडव्याचा बोर्ड. "काका, चेक कराल?"
तीनदा वाचलं. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, विभक्ती. एकही चूक नाही. मजकूर नेटका आहे, उबदार आहे, मी लिहिला असता त्याहून बरा आहे. याला एकच उत्तर होतं, आणि तो शब्द मी १२ जाने.ला वापरून बसलो.
मेसेजपुढे दोन निळ्या खुणा आल्या असतील. वाचलंय, हे तिला दिसतंय.