आईंनी सांगितलेलं वर्णन

९ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

आईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी भरवते आणि त्या प्रत्येक घासाला मीठ कमी म्हणतात, म्हणजे तब्येत सुधारते आहे.

पण वन्सं, मला शिसारी आली आहे. तुमच्या दादाने घराच्या कागदांवर सही करत नाही म्हणून जन्मदात्रीचा हात पिरगाळून मोडला आणि पळाला. यापुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही, रागावू नका. आणि कशाला खोटं बोलू, आईंचीही शिसारी आली. पोलिसांनी त्याचं वर्णन विचारलं तर आईंनी सांगितलं: उंच, सडपातळ, मागे वळवलेले दाट केस, धारदार नाक, डाव्या भुवईत जुन्या जखमेची पांढरी रेघ. मी औषधं आणायला गेले होते, नाहीतर तिथेच कपाळावर हात मारला असता. मी शिंपीण, त्याचं माप मला तोंडपाठ: कॉलर सतरा, पोट चव्वेचाळीस, पँट दरवेळी चार इंच कापावी लागते. केसांचं नावच नको. चौकीवर जाऊन हे सांगितलं, तर साहेब म्हणाले, मार खाल्लेली बाई सांगते ते खरं, तुम्ही शर्ट शिवा. फोटो दिला तो लग्नातला. त्यात तो काडीसारखा आहे.

परवा तो बसथांब्यावर दोन पोलिसांच्या शेजारी उभा राहून दात कोरत होता. शेजारणीकडे निरोप दिला, की वीस तारखेला येतो, सही नाही तर डावा अंगठाही चालेल म्हणावं. पोटच्या गोळ्याला वाचवायला आई खोटं बोलताहेत. तुम्हीच त्यांना चार शब्द सांगा.

माया कमी करू नका, मला सध्या तिची गरज आहे.

तुमची वहिनी

१२ मार्च

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना वाचलं. दिवसभर लोकांची नाकं मोजते, म्हणून सांगते, दादाचं नाक बटाट्यासारखं आहे आणि त्याच्या भुवईत कसलीही रेघ नाही. ती रेघ बाबांच्या भुवईत होती.

तू त्यांना पाहिलं नाहीस. तू घरात आलीस त्याच्या तीन वर्षं आधीच ते गेले. पण उंची, केस, नाक, सगळं त्यांचंच. पोलीस माझ्या मेलेल्या बापाला शोधत फिरताहेत, वहिनी! आधी हसूच आलं, मग गिऱ्हाईकाला उद्या या म्हटलं. आईच्या डोक्याला तर मार लागला नाही ना? तिला रागावू नकोस, हळूच विचार. बाबा देवमाणूस होते, त्यांचं नाव यात नको.

माझ्या रागालोभासकट मला सांभाळून घे.

तुझी नणंद

१६ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा दादा काल सापडला, त्याच बसथांब्यावर. वीस तारखेची काळजी मिटली. कसा सापडला ते लिहिते. बसून वाचा.

आईंना विचारलं. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. त्या म्हणाल्या, साहेबांनी विचारलं हात कुणी मोडला, तो दिसायला कसा होता. कुठला हात, ते विचारलं नाही. मग त्यांनी डावी बाही वर केली. इतकी वर्षं मी त्यांची पोलकी शिवते, डावी बाही आखूड ठेवते, कोपर वाकडं म्हणून. न्हाणीघरात पडले असं त्यांनी सांगितलेलं आणि मी मान डोलावलेली. तुम्ही तेव्हा सहा वर्षांच्या होतात म्हणे. मला माझ्याच कात्रीची किळस आली, वन्सं. तुम्हाला काय वाटेल ते कळतंय, पण लपवून ठेवलं असतं तर मीही त्यातलीच झाले असते.

मग आईंनी स्वतःच साहेबांना बोलावलं आणि तुमच्या दादाचं वर्णन टकलापासून टाचांपर्यंत अचूक सांगितलं. नाकाला बटाटाच म्हणाल्या. साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, मग पहिला जबाब चुकीचा म्हणून खोडतो.

आई म्हणाल्या, खोडू नका, तोही खराच आहे.

या पत्रानंतरही लोभ उरला तर कळवा.

तुमची वहिनी